आद्यंत हरवलेली पोथी

जुनी पोथी जीर्ण झाली म्हणजे तिचें काय करावयाचें, याविषयीं आपल्याकडे एक ठराविक रूढि होती. कडा झडल्या, पहिलें पान गेलें, शेवटचें पान गेलें, कीं पोथी पारायणाच्या उपयोगाची राहत नसे. आणि पूज्य वस्तु केरांत जाऊं नये म्हणून एखादा चांगला दिवस पाहून तिचें नदींत विसर्जन करीत. या रूढींत ग्रंथाविषयीं आदर होता यांत शंका नाहीं. परंतु त्या आदराच्या पोटीं एक समजूत दडलेली होती. ती ही कीं, ग्रंथ संपूर्ण असेल तरच तो ग्रंथ. एरव्हीं ते नुसते कागद. प्रस्तुत लेखांत जी हकीकत सांगावयाची आहे ती या समजुतीच्या नेमकी उलट आहे. जिचा आरंभ हरवला आहे आणि जिचीं कित्येक पानें अर्धींमुर्धींच उरलीं आहेत, अशी एक पोथी पुण्यांत आहे. आणि आज जगभर विद्वान् लोक महाभारताचा जो पाठ हातीं घेतात, त्याच्या आदिपर्वाची घडण करतांना संपादकांनीं ज्या साक्षीदारांस विशेष मान दिला त्यांत ही पोथी अग्रभागीं होती. तिचें महत्त्व नीट ध्यानांत यावें यासाठीं मात्र प्रथम पुण्यापासून फार दूर, युरोपांतील बाझेल शहरीं गेलें पाहिजे.

इसवी सन १५१६ मध्यें बाझेल येथील फ्रोबेन नांवाच्या मुद्रकाच्या छापखान्यांतून बायबलांतील नव्या कराराचा मूळ ग्रीक पाठ प्रथमच प्रसिद्ध झाला. संपादक होता त्या काळचा युरोपांतील अग्रगण्य पंडित इरॅस्मस. तोंवर पश्चिम युरोपांत हा ग्रंथ वाचला जाई तो लॅटिन भाषांतरांत. मूळ ग्रीक शब्द काय आहेत, हें लोकांस दाखवावें, या हेतूनें इरॅस्मसनें हें काम अंगावर घेतलें आणि तें मोठ्या घाईनें पुरें केलें. त्याच्या हाताशीं जीं हस्तलिखितें होतीं, तीं बहुतेक मध्ययुगांतील, म्हणजे मूळ ग्रंथानंतर सुमारें हजार वर्षांनीं नकललेलीं होतीं. त्यांतही नव्या कराराचें जें शेवटचें पुस्तक ‘प्रकटीकरण’, त्याची तर त्याला एकच प्रत मिळाली होती. ती बाराव्या शतकांतील असून राइखलिन नांवाच्या विद्वानाकडून उसनी आणलेली होती. आणि तिचें शेवटचें पान गळालेलें होतें.

शेवटच्या सहा वचनांचा हा तुटवडा कसा भरून काढावयाचा? जागा मोकळी सोडून ‘येथें मूळ पान नाहीं’ असें लिहिणें हा एक मार्ग होता. इरॅस्मसनें तो न पत्करतां रूढ लॅटिन भाषांतर समोर ठेवलें व त्यावरून तीं सहा वचनें स्वतःच पुनः ग्रीक भाषेंत रचून दिलीं. परिणाम असा झाला कीं, ज्या ग्रंथाला ‘मूळ’ म्हणून जगापुढें ठेवलें, त्याच्या अखेरीस एका विद्वानाची स्वतःची ग्रीक रचना येऊन बसली. त्यांतील एक स्थळ तर मोठें बोधप्रद आहे. ग्रीक हस्तलिखितांत या ठिकाणीं ‘जीवनाचें झाड’ असे शब्द आहेत. लॅटिनमध्यें झाडाला ‘लिग्नो’ असें रूप येतें आणि पुस्तकाला ‘लिब्रो’. लॅटिन प्रती उतरणाऱ्या कोणा लेखकाच्या हातून ‘लिग्नो’चें ‘लिब्रो’ झालें. इरॅस्मसनें तें तसेंच ग्रीक भाषेंत नेलें. आणि झाडाचें पुस्तक झालें तें कायमचें. १६११ सालीं इंग्लंडांत जें सुप्रसिद्ध भाषांतर निघालें त्यांतही ‘जीवनाचें पुस्तक’ असेंच छापलेलें आहे, आणि पिढ्यानुपिढ्या भाविकांनीं तें पवित्र वचन म्हणून वाचलें आहे. इरॅस्मसनें वापरलेली ती तुटकी प्रत पुढें साडेतीनशें वर्षें विद्वानांच्या नजरेआड होती. १८६१ सालीं डेलिट्श नांवाच्या जर्मन पंडिताला ती एका सरदार घराण्याच्या ग्रंथालयांत आढळली, आणि सर्व प्रकार पुराव्यानिशीं उघड झाला. आज ती औग्सबुर्ग येथील विद्यापीठाच्या ग्रंथसंग्रहांत आहे.

या कथेंत इरॅस्मसला हंसण्याचें कारण नाहीं. त्याच्या आवृत्तीमुळेंच मूळ पाठाविषयींची जिज्ञासा युरोपांत जागी झाली. पुढील तीनशें वर्षांत त्या जिज्ञासेंतून एक नवें शास्त्रच उभें राहिलें. त्याला आपण पाठचिकित्सा म्हणूं. बेंगेलनें १७३४ सालीं असा नियम सुचविला कीं, दोन पाठांपैकीं जो समजण्यास कठीण, तोच बहुधा जुना. कारण नकल करणारा माणूस अवघड शब्द सोपा करील, सोपा शब्द मुद्दाम अवघड करणार नाहीं. लाखमाननें १८३१ सालीं इरॅस्मसच्या पाठावर आधारलेली रूढ संहिता अजिबात बाजूला ठेवून केवळ प्राचीन साक्षींवरून नवा करार छापला. पुढें साक्षीही नव्यानें मिळत गेल्या. सिनाई पर्वताच्या पायथ्याशीं असलेल्या मठांत टिशेनडोर्फला १८४४ सालीं एका चवथ्या शतकांतील ग्रीक बायबलाचीं ४३ पानें मिळालीं, व १८५९ सालीं त्याच ग्रंथाचा फार मोठा भाग दृष्टीस पडला. आज या एका ग्रंथाचीं पानें लंडन, लाइप्झिग, सेंट पीटर्सबर्ग आणि सिनाईचा मठ अशा चार ठिकाणीं वांटलेलीं आहेत. लंडनमधील भाग सोव्हिएत सरकारकडून १९३३ सालीं एक लाख पौंडांस विकत घेण्यांत आला. मँचेस्टर येथें तर पपायरसाचा एक तुकडा जपून ठेवलेला आहे. तो तळहाताहूनही लहान आहे. त्याच्या दोन्ही बाजूंस योहानाच्या शुभवर्तमानांतील कांहीं ओळींचे अर्धेमुर्धे शब्द तेवढे उरले आहेत. पण १९३५ सालीं तो प्रसिद्ध झाला तेव्हां नव्या कराराचा तो सर्वांत जुना अवशेष ठरला, आणि पूर्ण ग्रंथांच्या ढिगापेक्षां त्या चतकोराचीच चर्चा अधिक झाली.

या इतिहासांतून निघालेलें सूत्र थोडक्यांत असें सांगतां येईल कीं, प्रती मोजावयाच्या नसतात, तोलावयाच्या असतात. शंभर साक्षीदार एकच गोष्ट सांगत असले, परंतु ते सर्व एकाच माणसाकडून ऐकून आलेले असले, तर न्यायाधीशाच्या दृष्टीनें ती साक्ष एकाचीच. त्याच्या उलट एखादा साक्षीदार अडखळत, अर्धवट बोलला, पण त्यानें प्रत्यक्ष पाहिलें असलें, तर त्याचें बोलणें लिहून घ्यावें लागतें. तसेंच कागदाचें वय आणि पाठाचें वय या दोन गोष्टी निराळ्या आहेत. दहाव्या शतकांत उतरलेली एखादी ग्रीक प्रत चवथ्या शतकांतील उत्कृष्ट मूळावरून केलेली असूं शकते, आणि तशी उदाहरणें आहेतही. अशा वेळीं ती नवी प्रत तिच्याहून वडील असलेल्या पुष्कळ प्रतींपेक्षां अधिक प्राचीन शब्द आपल्या हातीं देते.

आतां पुण्याकडे येऊं. मुंबई सरकारनें संस्कृत हस्तलिखितांचा शोध एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सुरू केला, त्यांत डॉ. गेऑर्ग ब्यूलर यांनीं केलेली कामगिरी मोठी आहे. १८७५ सालीं ते काश्मीरांत गेले. तेथील पंडितांच्या घरीं भूर्जपत्रावर शारदा लिपींत लिहिलेले ग्रंथ त्यांना पाहावयास मिळाले, व त्यांपैकीं कित्येक त्यांनीं सरकारकरितां विकत घेतले. या प्रवासाचा त्यांचा वृत्तांत १८७७ सालीं प्रसिद्ध झाला. तेव्हां मिळालेल्या ग्रंथांत ऋग्वेदाची एक भूर्जपत्रावरील प्रत होती, आणि महाभारताचीही एक होती. हा सगळा सरकारी संग्रह पुढें डेक्कन कॉलेजांत राहिला, व सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या ऐंशीव्या वाढदिवशीं, ६ जुलै १९१७ रोजीं, स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या स्वाधीन तो १९१८ सालीं करण्यांत आला.

काश्मिरी भूर्जग्रंथ आपल्याकडील पोथ्यांसारखे नसतात. आपली पोथी म्हणजे आडवीं, सुटीं पानें. वर खालीं दोन फळ्या आणि भोंवतीं रुमाल. काश्मीरांत मात्र भूर्जवृक्षाची साल कापून तिचीं उभट पानें करीत, आणि तीं शिवून चामड्याच्या पुठ्ठ्यांत बांधीत. म्हणजे त्या ग्रंथाचा आकार ग्रीक बायबलाच्या जुन्या बांधीव ग्रंथांशीं अधिक जुळतो. शाई बदामाच्या कोळशाची, गोमूत्रांत उकळून केलेली. ती पाण्यानें धुतली जात नाहीं. असें असतां या ग्रंथांचा नाश होतो तो सालीच्या स्वभावामुळें. साल पापुद्र्यांची असते. ती सुकली म्हणजे ठिसूळ होते, पापुद्रे सुटूं लागतात, आणि एखादें पान उलटतांना त्याचा कोपरा हातांत येतो. बांधणी सैल झाली कीं सर्वांत प्रथम आरंभींचीं व अखेरचीं पानें जातात. बाझेलच्या ग्रीक प्रतीचें जें झालें तेंच काश्मीरच्या भारताचेंही झालें. या ग्रंथांत मुळांत निदान आदि, सभा व आरण्यक हीं तीन पर्वें असावींत, असें तज्ज्ञांचें अनुमान आहे. आज आदिपर्वाचा आरंभ त्यांत नाहीं, आणि जीं शंभरावर पानें त्या पर्वाचीं उरलीं आहेत त्यांतीलही कांहीं तुटकीं आहेत. लेखनाचा काळ पाहूं गेलें तर तोही फार जुना नव्हे. अक्षरावरून तो सोळाव्या किंवा सतराव्या शतकांतला मानितात.

असल्या ग्रंथाला मान कसा मिळाला, हें समजण्यासाठीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची कथा थोडक्यांत सांगितली पाहिजे. अशी आवृत्ति काढावी ही सूचना विंटरनित्स यांनीं १८९७ सालीं पॅरिस येथील प्राच्यविद्यापरिषदेंत मांडली होती. युरोपांतील विद्वत्सभांनीं ती उचललीही. ल्यूडर्स यांनीं १९०८ सालीं नमुन्यादाखल कांहीं पानें छापलीं. पण पहिल्या महायुद्धांत तें सगळें बारगळलें. मग तें काम पुण्यानें हातीं घेतलें. औंधचे अधिपति श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली, आणि १ एप्रिल १९१९ रोजीं वयोवृद्ध भांडारकरांच्या हस्ते कार्याचा आरंभ झाला. नारायण बापूजी उटगीकर यांनीं १९२३ सालीं विराटपर्वाची एक प्रायोगिक आवृत्ति प्रसिद्ध केली. १९२५ सालीं संपादकत्व डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्याकडे आलें. केंब्रिजला गणित व बर्लिनला ल्यूडर्स यांच्या हाताखालीं संस्कृत शिकलेला हा माणूस. शिस्त आणि व्यासंग हे दोन्ही गुण त्याच्या ठिकाणीं एकत्र आले होते. आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ सालीं निघाला आणि तें पर्व १९३३ सालीं, म्हणजे सिनाईचें बायबल ज्या वर्षीं लंडनला विकलें गेलें त्याच वर्षीं, पूर्ण झालें.

आदिपर्वाच्या एकंदर २३५ प्रतींचा ठावठिकाणा सुकथनकरांस लागला होता. त्यांत १०७ देवनागरी, ३२ बंगाली, ३१ ग्रंथ लिपींतील, २८ तेलुगु, २६ मलयाळम् अशी गणती होती. शारदा लिपींतील प्रती अवघ्या ३ होत्या. पाठ ठरवितांना त्यांपैकीं ६० प्रती त्यांनीं उपयोगांत आणल्या. पुण्याबरोबरच तंजावर व शांतिनिकेतन येथेंही शास्त्रीमंडळी बसवून दक्षिणेकडील व बंगालकडील प्रती ताडून पाहण्यांत आल्या. श्लोकांतील अक्षरन् अक्षर जुळवून, जेथें भेद असेल तेथें तो त्या त्या प्रतीच्या खुणेसह टिपावयाचा, असें हें काम होतें. तें वर्षानुवर्षें चाललें, तेव्हां एक गोष्ट स्पष्ट झाली. दक्षिणेकडील परंपरा सर्वांत विस्तृत होती. तेथें कथा अधिक सजविलेली, अधिक तपशीलवार, अधिक नीटनेटकी केलेली दिसे. वायव्येकडील काश्मिरी परंपरा सर्वांत आंखूड होती. आणि ज्या ठिकाणीं एकमेकींपासून फार दूर असलेल्या परंपरा, म्हणजे काश्मीर व केरळ, एकाच शब्दावर एकत्र येत, त्या ठिकाणीं तो शब्द दोघांच्याही समाईक पूर्वजाचा असला पाहिजे, असें मानण्यास भक्कम आधार मिळे. कारण श्रीनगरचा लेखक आणि मलबारचा लेखक यांनीं संगनमत केलें असण्याचा संभव नाहीं.

येथें एक साहजिक आक्षेप निघतो. ज्या पोथीचा आरंभच नाहीं, ती आरंभाच्या अध्यायांविषयीं काय सांगणार? याला संपादकांचें उत्तर सरळ होतें: कांहीं नाहीं. जेथें भूर्जपत्र गेलें तेथें त्याच्या नांवानें एक अक्षरही लिहिलें गेलें नाहीं. त्याऐवजीं त्याच परंपरेंतून उतरलेल्या कांहीं देवनागरी प्रती त्यांनीं शोधून काढल्या. त्यांपैकीं एकीच्या चुका अशा आहेत कीं, शारदा अक्षरें नीट न ओळखतां आल्यामुळेंच त्या होऊं शकतात. म्हणजे ती शारदा मूळावरून उतरलेली हें तिच्या चुकांनींच सिद्ध होतें. व्यास सांगत आहेत आणि गणपति लिहून घेत आहे, ही सर्वांस परिचित असलेली कथा पहिल्याच अध्यायांतील. ती उत्तरेकडील व दक्षिणेकडीलही अनेक प्रतींत नसल्यामुळें मूळ संहितेंतून निघून परिशिष्टांत गेली. ही गोष्ट ऐकून पुष्कळांस धक्का बसला. आणि तो बसावा हेंही साहजिक आहे. ज्या देवतेला वंदन करून आपण लेखनास आरंभ करतों, तिलाच भारताच्या लेखनिकपदावरून दूर करण्यांत आलें, असें वाटण्यासारखा तो प्रकार होता.

पण या ठिकाणीं दोन गोष्टी विसरतां कामा नयेत. पहिली ही कीं, काढलें म्हणजे फेकलें नव्हे. जो श्लोक बहुतेक प्रतींत नाहीं तो तळटीपेंत आहे. जें आख्यान मोठें आहे तें परिशिष्टांत आहे. कोणत्या प्रतींत आहे व कोणत्या प्रतींत नाहीं याची नोंद त्याच्याखालीं आहे. ज्याला संपादकाचा निर्णय पटत नाहीं, त्याला तो फिरविण्याचें सर्व साहित्य त्याच पानावर हातीं दिलेलें आहे. इतकेंच नव्हे, तर ज्या शब्दाविषयीं संपादकाची स्वतःची खात्री नाहीं त्याच्याखालीं नागमोडी रेघ ओढलेली आहे. इरॅस्मसच्या शेवटच्या पानावर अशी एक रेघ असती, तर झाडाचें पुस्तक होऊन शतकें लोटलीं नसतीं. दुसरी गोष्ट ही कीं, प्रक्षेप म्हणजे पाप नव्हे. ज्या पिढीनें गणपतीची कथा भारतांत घातली, तिनें भारतावर प्रेम केलें म्हणूनच ती घातली. ती कथा आपल्या संस्कृतीच्या इतिहासांत आहेच. प्रश्न एवढाच आहे कीं ती त्या इतिहासाच्या कोणत्या थरांतील आहे.

पाठ शुद्ध करण्याची ही दृष्टि पश्चिमेकडून आलेली, आपल्या परंपरेला परकी आहे, असेंही एक मत ऐकूं येतें. शास्त्र म्हणून तिची आधुनिक मांडणी युरोपांत झाली, हें खरें. सुकथनकर तिकडेच शिकले, हेंही खरें. परंतु ज्याला महाभारताचा रूढ पाठ म्हणतात तो ज्यांच्या टीकेबरोबर घरोघर पोंचला, ते नीलकंठ चतुर्धर हे गोदातीरावरील कोपरगांवचे. सतराव्या शतकांत काशीस राहून त्यांनीं निरनिराळ्या देशांतील पुष्कळ प्रती गोळा केल्या व त्यांतून आपल्या मतें उत्तम असे पाठ निवडून घेतले, असें त्यांचें स्वतःचेंच निवेदन आहे. त्यांच्याही आधीं, शके १५०६ मध्यें, एकनाथ महाराजांनीं ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून तिचा पाठ शुद्ध केला, आणि यापुढें कोणी तींत आपली ओवी घालूं नये असें बजावून ठेवलें. ग्रंथाविषयीं अत्यंत श्रद्धा असलेल्या पुरुषानेंच हें केलें आहे. तेव्हां श्रद्धा आणि चिकित्सा यांचा स्वभावतःच विरोध आहे, असें निदान मराठी माणसाला तरी म्हणतां येणार नाहीं. आणि ग्रीक बायबलाचें नांवही आपल्या प्रांताला अगदींच अपरिचित नाहीं. पंडिता रमाबाई, ज्यांचें बाळपण पुराण सांगत फिरणाऱ्या वडिलांच्या सहवासांत गेलें, त्यांनीं पुण्याजवळच्या केडगांवीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून मूळावरून बायबलाचें मराठी भाषांतर केलें, आणि १९२२ सालीं आपल्या निधनापूर्वीं तें पुरें केलें.

तरी पण ग्रीक बायबलाची पद्धति भारताला जशीच्या तशी लागू पडत नाहीं, हें सुकथनकरांनींच प्रथम ओळखलें. नव्या करारांतील एखादें पत्र कोणीतरी एका वेळीं लिहिलें. त्याच्या नकला झाल्या. त्या नकलांची वंशावळ मांडून मूळाकडे जाण्याचा प्रयत्न तरी करतां येतो. महाभारत हें सूतांच्या मुखीं वाढलेलें, कथेकऱ्यांनीं रंगविलेलें, आणि पुढें शतकानुशतकें एका प्रांतांतील प्रत दुसऱ्या प्रांतांतील प्रतीशीं ताडून मिसळलेलें. येथें वंशावळीच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. म्हणून व्यासांच्या मुखांतून निघालेले शब्द आम्ही परत आणले, असा दावा पुण्याच्या संपादकांनीं कधींच केला नाहीं. हस्तलिखितांच्या साक्षीनें जितकें मागें जातां येईल तितकें मागें जावयाचें आणि तेथें थांबावयाचें, एवढीच त्यांची प्रतिज्ञा होती. फ्रेंच पंडित सिल्व्हँ लेव्ही यांनीं तर असें सुचविलें कीं, या पुनर्घटनेच्या भरीस न पडतां नीलकंठी पाठ छापावा आणि खालीं पाठभेद द्यावे. ही सूचना सोयीची होती; पण नीलकंठी पाठ हाही एका संपादकानें निवडून केलेला पाठ, मग त्यालाच पायाचा मान कां द्यावा, या प्रश्नाचें उत्तर तींत नव्हतें.

सुकथनकरांच्या या निर्णयाची कसोटी लवकरच लागली. आदिपर्व छापून झाल्यानंतर नेपाळांत राजगुरु हेमराज पंडित यांच्या संग्रहांतील आदिपर्वाची एक प्रत पुढें आली. तोंवर हातीं आलेल्या प्रतींत ती सर्वांत जुनी होती. पाठ ठरवितांना ती कोणी पाहिलेली नव्हती. सुकथनकरांनीं आपली छापलेली संहिता तिच्याशीं ताडून पाहिली. जे श्लोक त्यांनीं प्रक्षिप्त म्हणून तळटीपेंत टाकले होते, त्यांपैकीं पुष्कळ त्या नेपाळी प्रतींत मुळांतच नव्हते. काश्मीरच्या तुटक्या भूर्जपत्रावरून जें अनुमान बांधलें, त्याला हिमालयाच्या दुसऱ्या टोंकाच्या एका अपरिचित साक्षीदारानें असा दुजोरा दिला. हा वृत्तांत त्यांनीं भांडारकर मंदिराच्या नियतकालिकांत १९३८ च्या सुमारास प्रसिद्ध केला. विद्वानाच्या आयुष्यांत अशी समाधानाची घटका क्वचितच येते. संपूर्ण भारत मात्र त्यांना पाहावयास मिळालें नाहीं. २१ जानेवारी १९४३ रोजीं त्यांचें निधन झालें. त्यांच्यामागून डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर व त्यानंतर डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनीं ती धुरा वाहिली, आणि २२ सप्टेंबर १९६६ रोजीं राष्ट्रपति डॉ. राधाकृष्णन् यांच्या उपस्थितींत कार्य समाप्त झाल्याचें जाहीर झालें. आरंभापासून समाप्तीपर्यंत सत्तेचाळीस वर्षें लागलीं.

असल्या पानांचें आयुष्य किती नाजूक असतें, हें पुण्यानें स्वतः अनुभवलें आहे. ५ जानेवारी २००४ रोजीं एका पुस्तकावरून उठलेल्या वादांत एक जमाव याच संशोधन मंदिरांत शिरला; कपाटें फोडलीं, ग्रंथ विस्कटले, हस्तलिखितांस हानि पोंचली. वाळवी, दमट हवा आणि ठिसूळ साल यांच्यापासून शतकानुशतकें जें वांचलें, त्याला कांहीं तासांत धोका निर्माण झाला. त्याच संग्रहांतील ऋग्वेदाचीं ३० हस्तलिखितें, ज्यांत काश्मीरहून आलेलें तें भूर्जपत्रही आहे, २००७ सालीं युनेस्कोनें जागतिक स्मृतीच्या नोंदवहींत समाविष्ट केलीं. एका अंगानें जगाचा हा गौरव आणि दुसऱ्या अंगानें घरांतलाच हा धोका. या दोहोंच्या मध्यें ही संपत्ति उभी आहे. तिचें रक्षण केवळ कुलुपांनीं होणार नाहीं. तीं पानें काय सांगतात हें समाजांतील सुशिक्षित माणसांस ठाऊक असेल, तरच त्यांच्यासाठीं कोणी उभें राहील.

आपल्या भूतकाळाचा पुष्कळसा भाग आपल्या हातीं तुटक्या पोथीसारखाच आला आहे. आरंभीचीं पानें गेलेलीं, मधलीं कांहीं फाटलेलीं, शेवट कोठें तरी गळून पडलेला. अशा वेळीं जें पान नाहीं तें आपल्या आवडीप्रमाणें रचून तेथें चिकटविण्याचा मोह फार मोठा असतो. तो विद्वानांस होतो, राज्यकर्त्यांस होतो, आणि घरांतल्या वडील माणसांसही कुळाचा इतिहास सांगतांना होतो. रचलेलें पान गुळगुळीत असतें, ओळीला ओळ नीट लागते, आणि ऐकणाराचें समाधान होतें. पण तें पान पुढच्या पिढीस खरें म्हणून मिळतें आणि मग तें उपटून काढणें कठीण जातें. भूर्जपत्रावरील त्या भारतानें आपल्याला याहून निराळी रीत शिकविली आहे. जेवढें उरलें आहे तेवढें अक्षरशः जपावें. इतर साक्षींशीं तें ताडून पाहावें. जेथें शंका आहे तेथें नागमोडी रेघ ओढावी. आणि जेथें पानच नाहीं तेथें जागा मोकळी ठेवून पुढें जावें. नेपाळांतल्या त्या प्रतीसारखा एखादा साक्षीदार उद्यां आलाच, तर त्याला बसावयास ती मोकळी जागा उपयोगी पडेल.